खुर्चीचा मागचा पाय

आवाज झाला तेव्हा लीला जेवणाच्या टेबलाशी बसून गवार मोडत होती. ताट पडल्याचा आवाज नव्हता तो, दार आपटल्याचाही नव्हता. आधी जमिनीवर एक दणका आणि लगेच त्याच्या पोटातून निघाल्यासारखा लांबट, कोरडा, चिरत गेलेला आवाज. मग काही नाही. तिच्या हातातली शेंग अर्धी मोडलेली होती, ती तिने पूर्ण मोडली, शीर काढली, वाडग्यात टाकली आणि पुढची उचलली. हात चालू आहेत तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. विक्रांत शेजारी उभा होता. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते आणि खुर्ची एका बाजूला किंचित कलली होती. दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस आतल्या खोलीत कुणाला तरी हसत हसत थँक यू, थँक यू म्हणत होता. त्याची मीटिंग चालू असताना लीलाने दार थोडंसं ढकलून विचारलं होतं, पोळ्या आत्ता करू का नंतर? एवढंच. मीटिंग संपवून, सगळ्यांचा नीट निरोप घेऊन तो बाहेर आला, तिच्या शेजारची खुर्ची त्याने दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली आणि खाली आणली. खुर्ची जिथे आपटली तिथून लीलाचं पाऊल वीतभर लांब होतं. तिने ते साडीखाली ओढून घेतलं ते मात्र बऱ्याच वेळाने, तो आत जाऊन दार लावून बसल्यावर. जाताना तो शांतपणे म्हणाला होता, ‘‘किती वेळा सांगायचं, आई?’’

त्याने तिच्यावर कधी हात उचललेला नव्हता. हे वाक्य लीलाने बरीच वर्षं जवळ बाळगलं होतं, प्रवासाला जाताना पदराच्या टोकाला किल्ली बांधावी तसं. मधूनमधून चाचपून बघायचं, आहे ना, आहे. त्या दिवशी रात्रीची भांडी विसळताना तिने ते पुन्हा चाचपलं, तर त्याला एक छोटासा शब्द चिकटलेला सापडला. अजून. अजून उचललेला नाही. तिने नळ बारीक केला. नळाचा आवाज त्याला आवडत नसे. कुकर तर तिने केव्हाच वर ठेवून दिला होता, शिट्ट्यांमुळे. डाळ आता पातेल्यात शिजायची, तासभर. फोनची घंटी बंद असायची. पोळी लाटताना पोळपाटाखाली फडकं घालायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हाताला आपोआप कळलं होतं. सकाळी न्हाणीघरात तो बादली कशी ठेवतो त्यावरून दिवस कसा जाणार ते तिला समजायचं. हळू ठेवली तर बरं. मध्येच थांबून ठेवली तर उपमा कोरडा झालेला चालणार नाही. तिचा नवरा, कमलाकांत, गेल्यावर शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, नशीबवान तू, मुलगा घरूनच काम करतो, दिवसभर सोबत आहे. सोबत. लीला मान हलवायची. दुपारी गिरगावातली ती जुनी इमारत झोपलेली असताना त्याच्या सपाता फरशीवरून यायला लागल्या की ती हातातलं काम तिथेच थांबवायची, आणि तो पाणी प्यायला आला असेल तर पाणी पिऊन परत जाईपर्यंत भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. हे असं कुणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मुलगा पाणी प्यायला आला?

एकदा सांगायला आली होती ती ऋग्वेदा, त्याची बायको. घर सोडून जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात लीलाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. ‘‘आई, भिंत एवढी पातळ आहे. तुम्हाला ऐकू येतं ना?’’ लीलाने तेव्हा काय म्हटलं ते तिला नीट आठवत नाही. फोडणी करपतेय असं काहीतरी. ऋग्वेदा दादरला राहते आता, एकटी, नोकरी करते. दिवाळीला तिचा मेसेज येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विक्रांत म्हणाला, ‘‘ती खुर्ची नीट करून घे, आई. बाबांची आहे.’’ इतक्या मायेने म्हणाला, की मोडणारा दुसराच कुणी होता आणि तो रात्रीतून निघून गेला असं क्षणभर लीलाला वाटलं. तळमजल्यावरच्यांनी मागे कपाटाला पॉलिश करून घेतलं होतं, त्या माणसाचा नंबर तिने आणला. निलेश त्याचं नाव, काळाचौकीला गाळा आहे, जुन्या सामानाचंच काम करतो. फोनवर त्याने विचारलं, कसा काय फुटला पाय? लीला पटकन म्हणाली, ‘‘जुनं लाकूड आहे हो. हवेने फुटतं.’’

निलेश आला तो कानाला फोन लावूनच. चाळिशीचा, अंगाने बारीक, बोलण्यात घाई. दारात चपला काढता काढता दुसऱ्या कुणाला तरी ‘संध्याकाळी देतो बोललो ना तुला’ म्हणत होता. खुर्ची बघितल्यावर मात्र त्याने फोन खिशात टाकला. ‘‘बर्मा टीक आहे हा, काकू. असा माल आता नाय मिळत.’’ त्याने खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली. मागचा डावा पाय वरच्या सांध्यापासून खाली निम्म्यापर्यंत उभा चिरला होता. चिरेच्या आतलं लाकूड उघडं पडलं होतं, पिवळसर, कोवळं, बाहेरच्या काळपट पॉलिशच्या मानाने अगदीच नवं, आणि लीलाला त्याच्याकडे बघवेना. ‘‘इथे नाय होणार,’’ निलेश म्हणाला. ‘‘खोलायला लागेल. गाळ्यावर नेतो. तोपर्यंत बाकीच्या तीन पण बघून ठेवतो, आलोयच तर.’’

विक्रांत बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पँट, चेहऱ्यावर ते हसू. त्याने निलेशला बसा म्हटलं, चहा घेणार का विचारलं, गाळा कुठे, भाडं किती पडतं, मुलं किती, सगळं आपुलकीने विचारलं, त्याचा नंबरही घेऊन ठेवला. लीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याचे खांदे बघत होती. खांदे सैल होते. ‘‘काय सर, एवढा मोठा पाय फुटला कसा?’’ निलेशने विचारलं. विक्रांत आईकडे न बघता म्हणाला, ‘‘आई सांगते ना, जुनं लाकूड आहे. हवेने होतं.’’ मग मीटिंग आहे म्हणत तो आत गेला आणि दार अलगद लागलं.

निलेशने एकेक खुर्ची उलटी केली. बोटाने पाय चाचपत गेला. ‘‘हे बघा. हा पण फुटलेला आहे आधी. हा पण. जुनं काम आहे, सरस लावलाय, वर चपडीचं पॉलिश मारून लपवलंय. चांगला कारागीर होता, हां. सारखाच बोलवत असतील तुमच्याकडे.’’ तो आपल्याच नादात बोलत होता, त्याला त्या कारागिराच्या हाताचं कौतुक होतं. लीला पुढे झाली. त्याने तिचं बोट धरून नेल्यासारखं दाखवलं तेव्हा तिला दिसलं. पायाच्या आतल्या अंगाला, सांध्याजवळ, केसाएवढी रेघ. दुसऱ्या खुर्चीलाही तिथेच. तिसरीला दोन.

खुर्च्यांना खोळी असायच्या. लीला लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, फुलाफुलांच्या, खाली जमिनीला टेकतील अशा झालरींच्या. तिच्या सासूबाई, माई, त्या खोळी दर पंधरवड्याला धुवायच्या, इस्त्री करायच्या, पाहुणे येणार असले की झालर बोटांनी सारखी करायच्या. केवढी टापटीप, लीलाला वाटायचं, आपल्याला जमेल का. सासरे सॉलिसिटरच्या कचेरीत मोठे कारकून, मितभाषी, पांढरं धोतर, सुनेशी बोलताना नजर खाली. त्यांच्यासमोर माई हळू चालायच्या. लीलाला तो आदर वाटला होता. एकदा, नव्याची नवलाई होती तेव्हाच, दुपारी एक सुतार आला, तर माईंनी लीलाला हळदीकुंकवाचं निमंत्रण द्यायला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं. ती परत आली तर सुतार निघाला होता, खोळी चढलेल्या होत्या, घरात सरसाचा उग्र वास होता आणि माई बांगड्या मनगटावरून वर सरकवत होत्या. काय झालं हो माई? काही नाही ग. जुनं लाकूड आहे. हवेने फुटतं. आणि कमलाकांत. कुणाचा आवाज थोडा चढला की कमलाकांत उठून गॅलरीत जायचे, कठडा धरून रस्त्याकडे बघत उभे राहायचे, घरात सगळं शांत झाल्याशिवाय आत यायचे नाहीत. विक्रांत लहानपणी आकांडतांडव करायचा तेव्हाही ते गॅलरीत. लीलाला राग यायचा, बापाने असं पाठ फिरवून उभं राहायचं का म्हणून. आता ती मनातल्या मनात त्या पाठीकडे पुन्हा बघत होती. एवढासा कमलाकांत आणि झालरीखालचे ते पाय. माई गेल्यावर खोळी लीलानेच काढल्या होत्या, इतकं सुंदर लाकूड झाकून का ठेवायचं म्हणून. रेघ तिला कधी दिसली नाही, कारण तिने कधी खाली वाकून बघितलंच नाही. पण वाक्य तेवढं राहिलं. कुणी शिकवलं नाही, कुणी दिलं नाही, आणि परवा फोनवर ते तिच्या तोंडून निघालं, माईंच्याच हेलात. आतल्या खोलीतून विक्रांतचं हसू आलं. लीलाने त्या रेघेवरून हात मागे घेतला. काय होईल ही भीती तिला सवयीची होती. ही वेगळी होती. हे सगळं असंच, काहीही न होता, पुढची कितीतरी वर्षं चालेल आणि आपण झालर सारखी करत राहू, याची ती भीती होती.

निलेशने खुर्ची खांद्यावर घेतली. ‘‘खाली टेम्पोपर्यंत येते,’’ लीला म्हणाली. का म्हणाली ते तिला कळलं नाही. तिच्या अंगावर घरातली साडी होती, पायात रबरी सपाता, हातात आवाज बंद केलेला फोन. जिना उतरताना ती मागे बघत नव्हती, पण तिची सगळी पाठ वरच्या दाराकडे लागलेली होती. निलेशने छोट्या टेम्पोत खुर्ची आडवी टाकून दोरीने बांधली. पुढचं दार उघडं होतं. लीला आत जाऊन बसली.

‘‘ओ काकू, काय करताय?’’

‘‘मी येते.’’

‘‘अहो, कशाला? नीट नेतो मी. काय होत नाय तुमच्या खुर्चीला.’’

‘‘मला बघायचंय कसं करता ते.’’

निलेश वैतागला. त्याने डोकं खाजवलं, वर खिडकीकडे बघितलं. ‘‘सरांना सांगितलंय का?’’

‘‘हो,’’ लीला म्हणाली. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

भायखळ्याच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा तिने वळून मागे बघितलं. उतरावं, टॅक्सी करावी, तो मीटिंगमध्ये असतानाच परत पोचता येईल, त्याला कळणारही नाही. भाजी चिरलेली आहे. कणीक मळलेली आहे. ती दाराच्या कडीला हात लावून बसली होती आणि निलेश कुणाशी तरी फोनवर मालवणीत भांडत होता. मग गाडी हलली.

चाळीच्या मागे, एका बोळाच्या तोंडाशी निलेशचा गाळा होता. आत स्पिरिटचा आणि भुशाचा वास. भिंतीला लावलेली कपाटं, आरशाविना आरशाच्या चौकटी, तीन पायांवर भिंतीला टेकून उभी असलेली टेबलं. एक म्हातारा कारागीर कोपऱ्यात कापडाच्या बोळ्याने पॉलिश घासत होता, त्याने मानही वर केली नाही. लीलाला एक स्टूल मिळालं. निलेशने खुर्चीचा सांधा हळूहळू ठोकून सोडवला, पाय वेगळा काढला, टेबलावर धरला आणि चिरेत पटाशीचं टोक घालून ती आणखी उघडली. लाकूड कुरकुरलं. ‘‘अहो, मोडेल!’’ लीला ओरडली. ‘‘थोडं उघडायला लागतं, काकू. नायतर गोंद आत पोचत नाय.’’ त्याने ब्रशने आतला चुरा काढला, बारीक पट्टीने गोंद खोलवर सरकवला, मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घेऊन पाय वरपासून खालपर्यंत आवळत गेला. शेवटी क्लॅम्प लावले. चिरेतून जास्तीचा गोंद थेंबाथेंबाने बाहेर आला. ‘‘आता उद्यापर्यंत याला हात नाय लावायचा. झालं. बसा तुम्ही, टॅक्सी बघून देतो.’’

लीलाने फोन बघितला. विक्रांतचे कॉल एकाखाली एक साठले होते. ती बघत असतानाच आणखी एक आला, पडदा उजळला, त्याचं नाव थरथरलं आणि विझलं. तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. तेवढ्यात निलेशचा फोन वाजला. ‘‘हां सर. हायत ना, इथेच बसल्यात. नाय नाय, मजेत हायत. पत्ता ना? पाठवतो लोकेशन. या या.’’ त्याने हसून लीलाकडे बघितलं. ‘‘घाबरलेले ओ सर. न्यायला येतायत. बघा, असा मुलगा पाहिजे.’’

लीला उठली. मग बसली. बोळाला तोंड एकच होतं. त्या बोळात माणसं येत-जात होती, गॅसचा सिलिंडर फरशीवरून खणखणत कुणीतरी नेला, आणि दर वेळी ती स्टुलावरून अर्धी उठत होती. काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. बघायला आले रे. गंमत म्हणून आले. फोन बंद होता बघ माझा. वाक्यं चांगली जमत होती, तिला सवय होती. तो येईल, हसेल, टॅक्सीत शेजारी बसेल, गिरगाव येईपर्यंत एक शब्द बोलणार नाही. जिना. कुलूप. आतून कडी. त्याच्यापुढचं तिला दिसत नव्हतं. आजवर ते नेहमी दिसायचं, आज नुसतं काळं होतं.

तो आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत तिच्या चपला आणि रक्तदाबाच्या गोळ्या. ‘‘आई, अगं सांगायचं नाही का?’’ आवाज मऊ, थोडा दुखावलेला. म्हाताऱ्या कारागिरानेही त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. विक्रांत वाकला, त्याने चपला तिच्या पायाशी जोडून ठेवल्या. मग तिच्या दंडाला धरून तिला उठवायला लागला. बोटं बाहेरून दिसत होती, हलकी. अंगठा आतल्या बाजूला होता. तो अंगठा हाडापर्यंत रुतला. ‘‘चल,’’ तो म्हणाला.

‘‘मी येत नाही,’’ लीला म्हणाली. आवाज फुटलाच नाही. ओठ हलले फक्त.

‘‘काय?’’

‘‘मी येत नाही, विक्रांत.’’ या वेळी आवाज इतका मोठा निघाला की दचकून तिचीच मान मागे गेली. मग ती निलेशकडे वळली. ‘‘ती खुर्ची यानेच मोडली. माझ्या पायाजवळ आपटली. मला भीती वाटते याची.’’

पॉलिशच्या बोळ्याचा आवाज थांबला. निलेश हातात ट्यूबची पट्टी घेऊन उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं आणि ते कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. विक्रांतचे खांदे वर आले. लीलाने ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. अंगठा आणखी रुतला. मग सुटला. ‘‘सॉरी हां,’’ विक्रांत निलेशला म्हणत होता, ‘‘बाबा गेल्यापासून ती जरा अशी...’’ वाक्य त्याने अर्धंच सोडलं. आल्यापासून निलेशच्या तोंडाला खळ नव्हती, पण आता तो खाली बघत होता, आणि मग त्याने लीलाचं स्टूल आणि विक्रांत यांच्या मधे पडलेला एक फळीचा तुकडा उचलला आणि तिथेच, मधोमध, उभा राहिला. मुद्दाम केलं की नाही कुणास ठाऊक. ‘‘सर, तुम्ही निघा आता,’’ तो म्हणाला. ‘‘काकू बसतील वाईच.’’

‘‘घरी ये. बोलू आपण,’’ विक्रांत म्हणाला. अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं. बोळातून त्याची पाठ दिसेनाशी झाली तरी लीला तिकडेच बघत होती. तो परत वळणार नाही याची खात्री देईल असं तिथे काहीच नव्हतं.

निलेशची बायको सीमा डबा घेऊन खाली आली. तिला नवऱ्याने बाजूला नेऊन काय सांगितलं ते लीलाला ऐकू आलं नाही. ‘‘चला, वर चला. हय खाली गरम होता,’’ एवढं म्हणून सीमाने पिशवी उचलली. लीलाने दंडावर पदर ओढून घेतला, मग तिला माईंच्या बांगड्या आठवल्या, आणि तो तिने पुन्हा खाली सोडला. चाळीच्या पहिल्या मजल्यावरची एक खोली, मधे पडदा, पलीकडे ओटा. सीमाने चटई घातली, पाणी दिलं. लीलाने फोनमध्ये ऋग्वेदाचं नाव काढलं, पण बोट पडद्यावर ठरेना, दर वेळी भलतंच काहीतरी उघडायचं. शेवटी सीमाने लावून दिला. पलीकडून हॅलो आलं आणि लीलाच्या तोंडून पुष्कळ वेळ नुसता श्वासच गेला. ‘‘आई? तुम्ही आहात का? कुठे आहात?’’ आणि मग, लीलाने काही सांगायच्या आधीच, ‘‘लोकेशन पाठवा. ऑफिसमधून निघते मी. तिथून हलू नका.’’ सीमाने फोन घेऊन तिला पत्ता सांगितला, बोळाची खूण सांगितली.

दुपार टळत होती. सीमाची सासू गुडघ्याला तेल चोळत टीव्ही बघत होती. गॅलरीतून सारख्या सपाता वाजत जायच्या, प्रत्येक सपातेबरोबर लीला पडल्यापडल्या डोळे उघडायची. शेजारच्या घरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि कुणी तो बंद करत नव्हतं. आज ऋग्वेदाकडे. उद्या काय? कपडे, बँकेचं पुस्तक, सगळं तिथे आहे. तो दादरला येईल. नाही आला तर फोन करेल, मऊ आवाजात, आणि आपण जाऊ. ही भीती सगळ्यांत वाईट होती.

ओट्यावरून पातेलं पडलं. फरशीवर आपटलं, गरगरत गेलं, भिंतीला लागून पुन्हा वाजलं. लीला ताडकन उठून बसली, पाय पोटाशी घेतलेले, दोन्ही हात डोक्यावर. तिने वाट बघितली. टीव्हीतली बाई बोलत होती. सासू तेल चोळत होती, तिने मानही वळवली नाही. पडद्यामागून सीमा कुणाला तरी म्हणाली, ‘‘गेली गे सगळी आमटी,’’ आणि हसली. लीला हात डोक्यावर घेऊन तशीच बसली होती, पुढचा आवाज यायची वाट बघत. तो आला नाही. तरी बराच वेळ तिला हात खाली घेता येईनात.